मण्यांचं गाणं

"आवाज येऊ दे!" शेजारच्या काकू म्हणायच्या आणि पदराचं टोक पहिल्या पोराच्या हातात द्यायच्या. मग दिल्लीतल्या आमच्या द्वारकेच्या सोसायटीतली सात-आठ पोरं एकामागे एक स्कूलबसकडे निघायची. काकू गायच्या, "माळेत माझ्या मणी कोण?" पोरं पाळीपाळीने सांगायची, "मणी मी सई!" सई माझी मुलगी. काका रिटायर्ड सुभेदार, पण पलटण खरी काकूंचीच, असं आम्ही चिडवायचो.

द्वारका तेव्हा नुकती वसत होती. दोन इमारतींमध्ये रस्ता कमी आणि पायासाठी खणलेले खड्डे जास्त.

गाणं कुठून आलं ते काकूंनी मला एकदाच सांगितलं. बदलीच्या प्रवासात दिल्ली स्टेशनवर त्यांच्या चार वर्षांच्या मुलाचं बोट सुटलं. तीन तासांनी तो पार्सलच्या पेट्यांमागे सापडला. "रडणारं पोर सापडतं, वहिनी. हा गप्प बसला होता." पुढच्या गाडीत बसल्याबसल्या त्यांनी ते रचलं.

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी पोरं खेळत असताना आंधी आली. मी धावत खाली गेले. धुळीत स्वतःचा हात दिसेना. काकूंचं गाणं मात्र चालू होतं. सईची पाळी आली आणि उत्तरच आलं नाही. मी पुढे झेपावले तशी त्यांनी माझं मनगट पकडलं.

"बिल्कुल हलू नका. पुढं खड्डा आहे. कान द्या."

तीच ओळ त्या पुन्हापुन्हा गात राहिल्या. किती वेळाने कोण जाणे, खालून चिरका आवाज आला, "मणी मी सई." वाळूवरून घसरून ती आत गेली होती. खरचटण्यावर निभावलं.

मग गाणं सेक्टरभर झालं, फरीदाबादच्या माझ्या भाचरांपर्यंत पोचलं.

काकूंचा मुलगा मोठा होऊन फौजेत गेला. बर्फात पोस्टिंग, दर रविवारी फोन. एका रविवारी फोन आला नाही. पुढच्याही नाही. मी त्यांच्याजवळ बसले होते. खाली पोरं गात होती.

"वहिनी, त्यांना दुसरं काही म्हणायला सांगा ना."

मी खाली जाऊन पोरांना थांबवलं. लगेच वरून काकू खिडकीतून ओरडल्या, "नको, नको! गप्प नका करू त्यांना!"

तिसऱ्या रविवारी फोन वाजला. आवाज त्याच्या साहेबांचा होता.

काका-काकू साताऱ्याकडे गावी गेले ते परतले नाहीत. आता सईची लेक तेच गाणं नाचत म्हणते आणि विचारते, "आजी, हे कुणी बनवलं?" तुम्ही सांगितलं असतंत का? मला अजून धीर होत नाही.