स्वप्नातली बायको

शाळेपासून मला एकच मैत्रीण होती. आमच्या गावाला लागून असलेल्या तांड्यावरची. रोज सकाळी ती आमच्या दारात येऊन हाक मारायची आणि आम्ही दोघी सेनगावकडच्या गोरेगावच्या शाळेत जायचो. ती बारीक, नाकीडोळी नीटस. मी काळी आणि अंगानं आडवी. आमची जोडी बघून पोरं हसायची, पण तिनं माझा हात कधी सोडला नाही. तेवढ्या हातावर मी शाळेची वर्षं काढली.

संध्याकाळी ती आमच्याकडे टीव्ही बघायला थांबायची. एका मालिकेत काळ्या मुलीवर एक देखणा मुलगा जीव टाकायचा. ती मालिका मी श्वास धरून बघायचे. एक दिवस मैत्रीण म्हणाली, "अगं, ती काळी न्हाईच. गोरीच हाय, रंग लावलाय तिला."

नीट बघितलं तर कानामागं खरंच गोरा पट्टा राहिला होता. त्या रात्री मी जेवले नाही. आई विचारत राहिली. तिला काय सांगणार? गोष्ट काळ्या मुलीची होती, पण त्यांना खरी काळी मुलगी चालत नव्हती.

पुढे मैत्रिणीचं लग्न झालं आणि थोड्याच वर्षांत नवऱ्यानं तिला माहेरी आणून सोडलं, ते कायमचं. माझं तर जमलंच नाही. मी घरी ब्लाउज शिवायचे. ती दुपारी मशीनजवळ येऊन बसायची, चिंध्यांशी खेळत. दोघींनाही बोलायला फार काही उरलं नव्हतं, तरी बरं वाटायचं.

कळमनुरीकडच्या एकानं गोरेगावात मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. आपल्या बोलीतले विनोदी व्हिडिओ करून तो टाकायचा. मैत्रीण त्यात काम करायला लागली आणि एक दिवस मलाही ओढायला आली.

"चल गं. नुसतं उभं राहायचं हाय. घरी बसून काय करून राहिलीस?"

व्हिडिओत मला बायको केलं. तो नवरा. मी घरात शिरले की छप्पर पडेल म्हणून तो दाराची चौकट धरून उभा राहायचा. मैत्रीण शेजारीण व्हायची आणि तो तिच्याकडे चोरून बघायचा. मी लाटणं घेऊन मागं लागायचे. लोकांना ते फार आवडलं. सेनगावच्या जीपमध्ये बायका मला ओळखायला लागल्या, शेजारी बसून फोटो काढायला लागल्या. लोक माझ्यावर आधीही हसतच होते, पण आताचं हसू मी मागून घेतलेलं होतं. त्यात फरक आहे असं मला वाटलं.

कॅमेरा बंद झाला की तो वेगळा माणूस व्हायचा. सगळं गाव मला अगं-तुगं करायचं, तो 'तुमी' म्हणायचा. माझ्या डब्यातली भाजी भाकरीवर घेऊन खायचा. "तुमच्याबिगर आपला व्हिडिओ चालत न्हाई," म्हणायचा. मैत्रीण त्याला भाऊ म्हणायची. मी मात्र तो शब्द तोंडात येऊ दिला नाही, 'अहो'वरच भागवलं. हे कुणाच्या लक्षात आलं नाही असं मी समजत होते.

एकदा धीर करून म्हणाले, "अहो, एकदा तरी त्या नवऱ्याला बायको आवडलेली दाखवा की."

त्यानं हातातला मोबाईल खाली ठेवला. "दाखवू. तुमीच सांगा गोष्ट."

मी सांगितली. नवरा तापानं फणफणतो, बायको त्याचं सगळं करते. बरा झाल्यावर तो तिला फिरायला नेतो आणि तिची माफी मागतो. बस, एवढीच.

त्यासाठी आम्ही सिद्धेश्वरच्या धरणावर गेलो. मी स्वतः शिवलेलं हिरवं ब्लाउज घातलं होतं. काठावर मासेमारांची जाळी वाळत होती आणि वाऱ्यानं पदर ठरत नव्हता. कॅमेरा मैत्रिणीच्या हातात होता. त्यानं माझा हात हातात घेतला.

"मी तुला कधी बघितलंच न्हाई गं. सगळे हसत गेले, मी बी हसत गेलो."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं पाणी. कॅमेरा बंद झाल्यावरही त्यानं हात लगेच सोडला नाही. मी मैत्रिणीकडे बघितलं. "चांगलं झालं," ती म्हणाली आणि मोबाईल पुसत बसली. येताना ती माझ्याशेजारी न बसता पुढं जाऊन बसली. मला वाटलं, तिला तिचा नवरा आठवला असेल.

व्हिडिओ आला तेव्हा मी मशीनवर होते. धरण, वारा, माझा हात त्याच्या हातात. आणि एकदम किंकाळी. तो बाजेवर दचकून उठलेला, घामानं निथळलेला. "अरे बाप रे! स्वप्न व्हतं!" शेजारी बायको म्हणून माझी मैत्रीण, नव्या साडीत. ती त्याला पाणी देते. तो तिचा गाल चाचपून विचारतो, "तूच हायस ना? ती तर न्हाई ना?" मग हसण्याचा आवाज. कितीतरी माणसं एकदम हसल्याचा.

मी तशीच तांड्यावर गेले. ती अंगणात सोयाबीन निवडत बसली होती. मला बघून तिनं सूप खाली ठेवलं.

"तुला ठाऊक व्हतं?"

"व्हय."

"मग सांगितलं काहून न्हाई?"

"सांगितलं असतं तर तू धरणावर आली असतीस का?" मग हळूच म्हणाली, "मला बी कुणीतरी बघावं वाटतंय की गं. कुणाची तरी बायको म्हणून. खोटी का व्हईना."

तिच्यावर ओरडावं म्हणून गेले होते. ते ऐकल्यावर तेही जमलं नाही. ती रडत होती, पण जवळ आली नाही, आणि मीही गेले नाही.

तिथून दुकानात गेले. तो एका मोबाईलचे स्क्रू काढत होता.

"तुमच्या डोळ्यांत पाणी व्हतं," मी म्हणाले.

"त्या दिवशी ॲक्टिंग जमून गेली," तो म्हणाला. "नुसतं प्रेम कोण बघतंय? लोकायला पाहिजे ते द्यावं लागतंय. तुमी मनावर घेऊ नका."

तेव्हाही तो 'तुमी'च म्हणाला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

चार-आठ दिवसांनी मावशीनं तो व्हिडिओ आईच्या मोबाईलवर पाठवला. धरणापर्यंत चालला आणि नेट गेलं. आई मोबाईल हातात घेऊन माझ्याजवळ आली. कितीतरी वर्षांत तिचा चेहरा असा उजळलेला मी बघितला नव्हता.

"पोरगं चांगलं दिसतंय," ती म्हणाली. "आपल्यातलंच हाय ना? तुझ्या बापाला बोलायला सांगू का?"

मी मान खाली घालून शिवत राहिले. "राहू दे आई," एवढंच म्हणाले. पुढचा भाग तिला कुणीतरी दाखवला असणार, कारण तिनं तो विषय परत काढला नाही. माझ्याकडे सरळ बघणंही तिनं कमी केलं.

मी परत व्हिडिओत काम केलं नाही. मैत्रीण करत राहिली. आता बाजारात समोरासमोर आलो तर ती भाजीच्या दुकानाकडे वळते, किंवा मी वळते. दुपारी मशीनजवळची जागा रिकामी असते. तिची आठवण मला त्याच्यापेक्षा जास्त येते. तो मला कधी मिळालाच नव्हता. ती होती.

तो व्हिडिओ अजून फिरतो. मागच्या महिन्यात भाचीच्या बारशाला बायकांनी लावला. मी तिथंच बसले आहे हे एकीच्याही लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल. किंकाळी आली, तो गाल चाचपायला लागला आणि सगळ्या खदाखदा हसल्या. त्या हसण्यात माझाही आवाज होता. तो थांबवायला मी तोंडावर पदर धरला, तरी हसू येतच राहिलं.