गप्प म्हणजे हो

तुम्हाला कुणी काही विचारलं आणि तुम्ही गप्प बसलात, तर उत्तर ‘हो’ धरायचं की ‘नाही’?

या एका प्रश्नावर एका माणसाने अर्थशास्त्रातली अख्खी कारकीर्द उभी केली. लेक्चरर, प्रोफेसर, मग विभागप्रमुख. माणूस वागतो कसा, हा त्याचा विषय. कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये त्याने पाटी लावली, ‘चहात साखर नको असेल तर सांगा.’ झाडून सगळे गोड चहा प्यायले. मग पाटी बदलली, ‘हवी असेल तर सांगा.’ तेच लोक निमूट बिनसाखरेचा पिऊन गेले. तोंड उघडायचा कंटाळा, दुसरं काय!

त्यावरचा त्याचा निबंध गाजला. नगरपालिकेच्या साहेबांनी तो बरोब्बर उचलला. त्यांना एक गल्ली पाडायची होती. आधी घरोघरी सह्या मागत फिरावं लागायचं. आता नुसती नोटीस लागली, ‘हरकत नसेल तर काही करू नका.’ सल्लागार म्हणून प्राध्यापकाने मान डोलावली. गल्ली कुठली, हे विचारायचं त्याला सुचलंही नाही.

गल्ली त्याच्या ताईची निघाली. कपडे शिवून त्याला शिकवणाऱ्या ताईची.

“काय रे विद्वान,” शिलाई मशीन न थांबवता ती म्हणाली, “ही अक्कल तुझीच ना?”

“हो.”

“तरीच! लहानपणी पोटात दुखलं तरी तुझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही. मीच ओळखायचं. आता सगळ्या गल्लीला स्वतःसारखं मुकं धरलंस होय?”

“सुनावणीत हरकत घेता येते, ताई.”

“मग घे की! आम्हाला कोण विचारतंय? तुझं ऐकतील.”

सुनावणीला गल्ली लोटली. ताई मागच्या बाकावर. साहेबांनी विचारलं, “कुणाची हरकत?”

प्राध्यापकाला आपला हात टेबलावर दिसला, कुणीतरी विसरून गेलेल्या छत्रीसारखा. राग नाही, लाज नाही, काहीच नाही. हात उचलायचा कसा, तेवढं आठवेना. सगळी गल्ली त्याच्याच हाताकडे बघत थांबली, म्हणून बाकीचे हातही खालीच राहिले.

“एकमताने मंजूर,” साहेब म्हणाले.

बाहेर पायरीवर ताईने त्याच्याकडे बघितलं. ओरडली नाही.

“दुखतंय का कुठे?”

त्याने मान हलवली. खरंच कुठेच दुखत नव्हतं.

तुमच्या गल्लीची सुनावणी लागेल तेव्हा कुठल्याही विद्वानाच्या तोंडाकडे बघत बसू नका. प्रश्न पुरा व्हायच्या आत आपला हात वर करा.