शिशाची कडी आणि क्रूसाची तार

आमच्या मालाडच्या गावठाणात तेव्हा वीज एकाच घरात आली होती, आणि क्रूस होता पार दुसऱ्या टोकाला. मे महिन्यात क्रूसापुढे संध्याकाळची प्रार्थना व्हायची, मग उकडलेले चणे वाटायचे. त्या वर्षी आई अंथरुणाला खिळलेली. तिला खिडकीतून क्रूस उजळलेला दिसावा, एवढंच बाबांच्या मनात होतं. त्यांनी विजेच्या घंटीला लावतात तसली, रबराच्या वेष्टणातली बारीक तार वीज असलेल्या त्या घरापासून ओढली, ती नुसती दिसू नये म्हणून तिच्यावर मोगऱ्याचे गजरे गुंडाळले आणि क्रूसावर दिवे टांगले.

दिवे लागले, पण विझत्या निखाऱ्यांसारखे. खिडकीतून आईला काहीच दिसेना. गजरे तर बघता बघता तपकिरी पडले.

"एवढी बारीक तार तापतेय, बाबा! अर्धी वीज वाटेतच खर्च होतेय," मी तडकून म्हणाले. कॉलेजात सायन्सला होते, जिभेला हाड नव्हतं.

बाबांचा चेहरा उतरला. "मग आईलाच तिकडे नेऊ," ते म्हणाले. शेजाऱ्यांनी तिला खुर्चीत बसवून उचललं.

क्रूसापाशी आईने डोळे भरून दिवे पाहिले. मग तारेवर तळवा ठेवला. "गरम आहे गं. एवढ्या लांबून आलीय, दमली असेल बिचारी."

मला राहवलं नाही. वर्गात ऐकलं तेव्हापासून ज्याने मला झपाटलं होतं, ते मी तिला सांगून टाकलं. साधं तांबं कितीही गार केलं तरी थोडी वीज अडवतंच. पण शिशाची कडी कल्पनेपलीकडच्या थंडीत ठेवली, की तिच्यात एकदा सुरू केलेली वीज फिरतच राहते. बॅटरी नको, काही नको. कडी तापत नाही, वीज घटत नाही. शेजारची चुंबकसुई तेवढी सांगते की आत ती अजून धावतेय. सांगताना माझ्या अंगावर काटा आला, आजही येतो. देवाच्या दुनियेत न थकणारं काहीतरी होतं, आणि तेही शिशासारख्या मळकट धातूत!

आईचा तळवा तारेवरच.

"अजिबात गरम नाही होत? मग हात लावणाऱ्याला कळायचं कसं गं, ती आलीय म्हणून?"

पुढच्या मे महिन्यात आई नव्हती. बाबांनी जाड तार आणली. दिवे असे लखलखले की आमच्या खिडकीतूनही क्रूस स्पष्ट दिसत होता. सगळे "झकास!" म्हणत होते. मी तारेवर तळवा ठेवला. गार होती.