स्वामींना सोडले, असे मी लिहिले

ती केस आजही मनातून जात नाही, कारण तिच्यासाठी मला शाबासकी मिळाली होती. आता निवृत्त होऊन नांदेडला मुलाकडे राहतो. संध्याकाळी कट्ट्यावर लोक जुन्या केसेस विचारतात. मी दरोडे सांगतो, खून सांगतो. ही सांगत नाही. आज लिहून टाकतो. नाव कुणाचेच देत नाही, पण चूक कुणाची ते स्पष्ट लिहितो.

निलंग्याच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या एका ठाण्याचा मी प्रमुख होतो. गुन्हेगार हद्द ओलांडायचे आणि आमची भाषा हद्दीवरच अडायची. पलीकडच्या ठाण्यांना मराठी कळत नाही, आम्हाला कन्नड वाचता येत नाही. म्हणून दोन्हीकडच्या ठाण्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप होता आणि त्यावर संदेश इंग्रजीत जायचे. ते मीच लिहायचो. माझे इंग्रजी चांगले आहे असा माझा समज होता. आमचा ठाणे अंमलदार म्हणायचा, "साहेब, तुमचं इंग्रजी वाचून पळालेला आरोपी भिऊन परत यील बगा."

श्रावण तोंडावर आला होता. सकाळी एका गावातून फोन आला. तिथल्या महादेवाला श्रावण सोमवारी चांदीचा मुखवटा चढवतात. फोन करणारा त्या मुखवट्याचा मानकरी होता. तो म्हणाला, "साहेब, मुखवटा जाग्यावर न्हाई."

एवढेच म्हणाला. जागेवर नाही याला इंग्रजीत 'मिसिंग' म्हणतात. मी मात्र गुन्हा चोरीचा दाखल केला आणि ग्रुपवर 'स्टोलन' लिहिले. मिसिंग म्हणजे वस्तू दिसत नाही, एवढेच. स्टोलन म्हटले की चोर असावाच लागतो, आणि तो शोधणे माझे काम होऊन बसते.

पंचनामा केला, लातूरहून श्वानपथक मागवले. कुत्रे देवळातून निघाले ते थेट डांबरी रस्त्यावर येऊन थांबले. तेवढ्यात खबर मिळाली. एस.टी. थांब्यावरचा टपरीवाला म्हणाला, "स्वामी पहाटंच्या गाडीनं गेलेत साहेब. झोळी लई जड होती. हातानं उचलंना."

स्वामी म्हणजे मुलीचे लग्न झाल्यावर देवळाच्या ओवरीत एकटेच राहणारे वृद्ध जंगम. लिंगायतांच्या घरची पूजा ते करायचे. दर वर्षी श्रावण लागायच्या आधी कर्नाटकातल्या शिष्यांकडे फेरीला जायचे. हे सगळ्या गावाला माहीत होते. मी विचारले नाही, म्हणून कुणी सांगितले नाही. मी त्यांचा फोटो मिळवला आणि ग्रुपवर टाकला: 'सस्पेक्ट ॲबस्कॉन्डिंग, डिटेन.' म्हणजे संशयित फरार आहे, ताब्यात घ्या. स्वामी नेहमीच्या गाडीने, तिकीट काढून गेले होते. गेलेल्या माणसाला मी फरार केले.

पलीकडच्या पोलिसांनी त्यांना लगेच शोधले. ते एका शिष्याच्या ओसरीवर पाटावर बसले होते. घरधनी त्यांचे पाय धूत होता. ते पाणी तीर्थ म्हणून घेतात. पोलीस तेव्हाच दारात आले. सगळी गल्ली बघत असताना स्वामींना ओल्या पायांनी गाडीत बसवले.

माझ्यासमोर आणले तेव्हा झोळीत विभूतीचे गोळे, पितळी तांब्या आणि कपडे निघाले. जड होते ते एवढेच. गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी होती. चांदी दिसली म्हणून शिपायाने ती काढून माझ्या टेबलावर ठेवली.

"साहेब, काय इचारायचं ते इचारा," स्वामी म्हणाले. "लिंग तेवढं द्या. पूजेबिगर मी पाणी घेत न्हाई."

"मुखवटा कुठाय ते सांगा. आत्ता देतो."

"मला ठाऊक न्हाई."

मी तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारला. खोटे बोलणारा माणूस दर वेळी काही नवे सांगतो, गोष्ट सजवतो. स्वामींचे उत्तर तेच राहिले, आवाजही तोच राहिला. हा माणूस चोर नाही हे मला कळायला लागले होते. पण गुन्हा दाखल होता, वरून फोन येत होते आणि पत्रकार आवारात उभे होते. मी डबी दिली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांचे ओठ फुटले. बोलताना जीभ टाळूला चिकटायला लागली. ठाणे अंमलदार मला बाहेर घेऊन गेला. "साहेब, म्हातारं हितंच गेलं तर आपली सगळ्यांची चौकशी लागंल. देऊन टाका ते लिंग."

"दुपारपर्यंत थांब," मी म्हणालो. त्या दुपारी स्वामी गेले असते तर मी आज काय लिहिले असते, देव जाणे.

दुपारी डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई आत आली. मानकऱ्याच्या धाकट्या भावाची बायको. तिने धुवट धोतरात गुंडाळलेली वस्तू टेबलावर ठेवली. "घ्या तुमचा मुखवटा. पर आधी स्वामींना पाणी पाजा."

मी डबी दिली. स्वामींनी तिथेच जमिनीवर बसून पूजा केली, मग पाणी घेतले. बाईने ते पाहिले आणि मगच ती बोलली.

गावातली रीत अशी. श्रावणाआधी मानकऱ्याने पहाटे अंघोळ करून मुखवटा घरी न्यायचा, रिठ्याच्या पाण्याने धुवायचा आणि परत चढवेपर्यंत कुणाशी बोलायचे नाही. भाऊ वेगळे निघाले, तेव्हा मानही पाळीपाळीने ठरला. त्या वर्षी दोघांनाही वाटले, पाळी आपलीच. धाकटा आधी जाऊन घेऊन आला. मागून थोरला देवळात गेला, तर जागा रिकामी.

"मग सांगितलं का नाही?" मी ओरडलो.

"कसं सांगावं? मुखवटा रिठ्याच्या पाण्यात, अन् गल्लीत तुमचं कुत्रं. तुमी गावात शिरले ते चोर चोर करीतच शिरले. मुखवटा आमच्या घरात. मग चोर कोण झालं? काल तुमची शिपाईनबाई हापशावर म्हणाली, स्वामी पाणी घेऊन न्हाई राहिले. मग मला घास गिळंना."

चोरी झालीच नव्हती. मी तसे लिहायला हवे होते. गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा म्हणून कोर्टाला 'क' समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, पाठवून प्रकरण मिटवता आले असते. पण मग श्वानपथक कशाला बोलावले, एका वृद्धाला परराज्यातून उचलून पाण्यावाचून का बसवले, याचे उत्तर मला द्यावे लागले असते. मी त्या बाईला म्हणालो, "तुझं नाव कुठं येऊ देत नाही." तिने हात जोडले. उपकार मी स्वतःवर करत होतो.

मुखवटा देवळामागे बेवारस मिळून आला, असा पंचनामा केला. 'अ' समरी पाठवली. तिचा अर्थ, गुन्हा खरा, आरोपी मिळाला नाही. ग्रुपवर लिहिले, 'प्रॉपर्टी रिकव्हर्ड, सस्पेक्ट रिलीज्ड.' म्हणजे मुद्देमाल परत मिळवला, संशयिताला सोडले. वस्तू सापडली तर 'फाउंड' म्हणतात. चोराकडून परत मिळवली की 'रिकव्हर्ड'. मला दोन्ही शब्द माहीत होते. मी निवडून लिहिले. मुद्देमाल तातडीने हस्तगत केल्याबद्दल वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली.

काही महिन्यांनी स्वामी ठाण्यात आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"साहेब, शिष्य दार उघडतेत. च्या देतेत. पाय धूत न्हाईत. म्या चोरी केली न्हाई म्हणून एखादा कागद देता का?"

"तुम्हाला सोडलं ना? आणखी काय कागद हवाय?"

"बरं," म्हणाले आणि निघून गेले. पुढे ते वारल्याचे मला निवृत्तीनंतर कळले. शेवटी शेवटी फेरीला जाणे त्यांनी बंद केले होते.

यंदा श्रावणात मी त्या कर्नाटकातल्या गावी गेलो. पाय धुणारा शिष्य आता म्हातारा झाला आहे. त्याला मोडके मराठी येते. मी कोण ते सांगितल्यावर तो म्हणाला, "हो, सोडला होता त्याला. पुरावा नव्हता म्हणून."

"पुरावा कशाचा? चोरीच नव्हती," मी म्हणालो आणि सगळे सांगितले.

तो म्हणाला, "हे मला एकट्याला सांगून काय होते? धरला सगळ्या गल्लीसमोर. आता तिथेच सांगा."

सोमवार होता. पूजेनंतर देवळात माणसे जेवायला बसली होती. त्यांच्यासमोर मी उभा राहिलो. नोकरीत मोठमोठे जमाव पांगवले, तिथे मात्र हात जोडले. मी मराठीत बोललो, त्याने कन्नडमध्ये सांगितले. माझे बोलणे लांबले होते, त्याचे फार थोडक्यात संपले. पंगतीतले हात थांबले. एका म्हातारीने डोळ्याला पदर लावला.

मी घाबरून त्याला विचारले, "तुम्ही नेमकं काय सांगितलंत?"

"चोरी झालीच नव्हती, असे सांगितले. बरोबर?"

"बरोबर," मी म्हणालो.

नोकरीने मला शिकवले की साक्षीदाराचा शब्द तोलून घ्यावा. या केसने शिकवले की आधी आपला तोलावा. आपल्या शब्दाखाली ठाण्याचा शिक्का असतो आणि तो दुसऱ्याच्या कपाळावर उमटतो. हे मला फार उशिरा कळले. पंगतीत माझ्यासाठी पान मांडले होते. मी जेवलो नाही. स्वामींची मुलगी त्याच तालुक्यात दिलेली आहे असे कळले होते. आधी तिच्या दारात जाऊन हेच सांगून यायचे होते.