आधी मामांच्या पोटात

पिंपरीपासून चाकणपर्यंत जेवढे म्हणून आजार असतील, त्या सगळ्यांवरचे उपाय आमच्या हिच्या मामांच्या पोटात एकदा तरी जाऊन आले आहेत. आजार मात्र त्यांना एकही नाही. चाकणच्या एका कंपनीत, तपासणी खात्यात, त्यांची सगळी नोकरी गेली. आलेला माल तपासल्याशिवाय पुढे सोडायचा नाही, ही सवय रिटायर झाल्यावर त्यांच्याबरोबर घरी आली आणि लोखंडाच्या जागी काढे आले. आजीबाईचा बटवा असो की मोबाइलवरचा डॉक्टर, मामांच्या लेखी दोघेही सप्लायर. कारल्याचा रस, व्हिनेगर, गुळवेल, ओट्स, कुणी काहीही सांगो, आधी स्वतः घ्यायचं आणि मगच नातेवाइकांत सोडायचं. माझा गुडघा दुखायला लागला तेव्हा कुणीतरी निर्गुडीचा पाला बांधायला सांगितला. मामांनी तो आधी स्वतःच्या धडधाकट गुडघ्याला बांधला आणि पिंपळे गुरवभर तसेच हिंडले. आठवड्याने फोन आला, "बांधा पाव्हणं. काय होत न्हाई."

मी म्हटलं, "पण मामा, तुमचा गुडघा मुळात दुखत कुठे होता?"

"तेच म्हणतोय ना राव! चांगला हुता, तो बिघडला न्हाई."

मी निमूटपणे पाला बांधला.

मग मामींना साखर निघाली. काळेवाडीच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. तेवढ्यात मामींच्या थोरल्या जाऊबाई गावाहून आल्या. "गोळी एकदा लागली की मरेस्तवर सुटत न्हाई," त्या म्हणाल्या. "त्यापरीस जांभळाच्या बियांची पूड खा." मामींनी पूड धरली आणि गोळ्या फळीवर राहिल्या. पायाला झालेली एक जखम भरेना, तरी मामी हटेनात. पूड मामांनी आधीच खाऊन पास केलेली, त्यामुळे तेही पेचात पडले. गोळी अजून तपासायची राहिली होती. एका रविवारी आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो, त्या सकाळी मामांनी मामींची गोळी उपाशीपोटी स्वतःच घेऊन टाकली.

आम्हाला कुणालाच पत्ता नव्हता. गप्पा मारता मारता मामांना दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले. "गोळी... हिची," एवढंच ते कसंबसं बोलले. मी तर पार घाबरून गेलो. मामींनी घाईघाईने साखरेचं पाणी पाजलं आणि आम्ही रिक्षाने दवाखाना गाठला. मामा सावरल्यावर डॉक्टर चांगलेच तापले. "काका, तुम्हाला साखर नाही! जिवावर बेतलं असतं!"

मामांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, "व्हय. पण हिला काय झालं असतं तर? हिच्यावर ट्रायल कशी घेऊ?"

घरी आल्यावर मामींनी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे गोळी घेतली, "आता माझ्या वाटचं काय खाऊ नका," म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या.

जखम आता भरत आली आहे. मामी रोज गोळी घेतात आणि मामा खुर्ची ओढून त्यांच्या तोंडाकडे बघत बसतात. परवा मी म्हटलं, "मामा, आता कसली काळजी?"

"काळजी न्हाई," ते म्हणाले. "पर हिच्या आत काय चाललंय, ते मला कसं कळायचं?"

मामींनी गवार मोडता मोडता, वर न बघताच सांगितलं, "बरी हाय मी."

तरी मामा जागचे हलले नाहीत.