दळण संपत आलं की

भोंगाबाई हे नाव तिला वडिलांनी ठेवलं, आणि त्यात कौतुक कमी, कामाचा भाग जास्त होता. त्यांची गावात पिठाची गिरणी होती. पत्र्याच्या एका खोलीत दगड फिरायचे, वरच्या नसराळ्यात धान्य ओतायचं, खाली पीठ पडायचं. नसराळं रिकामं झालं की दगडावर दगड घासतो, पिठाला जळका वास येतो आणि गिऱ्हाईक गावभर बोभाटा करतं. वडील बाहेर ओट्यावर डबे उतरवून घेण्यात आणि त्याहून जास्त गप्पा हाणण्यात गुंतलेले. म्हणून सहा वर्षांची लेक नसराळ्यापाशी स्टुलावर बसवली होती. लक्ष ठेवायचं आणि हाक मारायची, एवढंच काम.

हाका मारून घसा बसला तेव्हा पोरीने स्वतःच युक्ती काढली. गिरणीच्या घरघरीत सूर मिसळून ती काहीबाही गात बसायची. दळण संपत आलं की दगड हलका होऊन जोरात फिरे, त्याचा सूर चढे, आणि त्याच्या मागोमाग हिचाही. घरघरीला वडिलांचे कान केव्हाच निर्ढावले होते, पण लेकीचा बारीक आवाज बरोबर पोहोचायचा. तो चढला की ते तोंडातलं वाक्य अर्धं टाकून डबा घेऊन धावत. "आलो गं भोंगाबाई, आलो." धान्य पडलं की सूर खाली यायचा, तिचाही यायचा, आणि मगच ते पाठ फिरवायचे. दहा वर्षांत एकदाही दगड रिकामा फिरला नाही. तिचं गाण्याचं शिक्षण म्हणाल तर हे एवढंच.

पुढे ती शहरात गेली. आधी कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणाला लागली, मग कुणाच्या तरी ओळखीने रेकॉर्डिंगमध्ये कोरसला उभी राहिली. सहा वर्षं दुसऱ्यांच्या गाण्यांत मागच्या रांगेतून आ आणि ओ. साबणाच्या एका जाहिरातीतून तिचा आवाज घरोघर गेला, पण तो तिचा आहे हे सख्ख्या वहिनीला शपथ घेऊन सांगावं लागलं. तिथेच गिटारवाला भेटला. त्याच्याकडे चाली होत्या, आवाज नव्हता. दोघांनी मिळून आठ गाण्यांचा अल्बम करायचं ठरवलं, वर दोघांची नावं, सारख्याच अक्षरांत.

त्याच सुमारास वडिलांची आठवण जाऊ लागली. गिरणी बंद झाली. ती भेटायला गेली तेव्हा त्यांनी वहिनीला तिच्यासाठी पाणी आणायला सांगून अदबीने विचारलं, "आपण कुणाकडच्या?" ती रडली नाही. रडू येईल म्हणून वाट पाहिली, तेही आलं नाही. त्या दिवसापासून तिला काही वाटेनासंच झालं. जेवण बेचव आहे की चांगलं, हेही कळेना. नळ सोडावा तशी ती माइकपुढे गायची आणि घरी जायची.

प्रत्येक गाण्याच्या शेवटी तिचा आवाज किंचित चढतो, हे गिटारवाल्याच्या लक्षात आलं. माणूस भला, त्याने समजूत घालूनच सांगितलं की हा दोष संगणकावर सरळ करता येतो. ती म्हणाली, करा. आठही गाणी इस्त्री केल्यासारखी झाली. आवडली का, विचारलं तर हो म्हणाली.

अल्बम बाहेर यायच्या आधी ती फोनवर गाणी घेऊन गावी गेली. चेहरा विसरले तरी आवाज विसरणार नाहीत, एवढीच एक आशा तिच्यात शिल्लक होती. वडिलांनी गुडघ्यांवर हात ठेवून, परक्या घरी बसावं तशी आठही गाणी ऐकली. म्हणाले, "बाई चांगली गाते. घरच्यांना कौतुक असेल."

शहरात परतल्यावर तिने शेवटचं गाणं सरळ करण्याआधी होतं तसं ठेवायला सांगितलं.

"वर माझंही नाव आहे," गिटारवाला म्हणाला. "लोक म्हणतील, याला सूर कळत नाही."

"म्हणू देत. बाकीची सात तुमच्या मनासारखी."

त्याने कारण विचारलं. तिने गिरणीचं सगळं सांगितलं, रेल्वेचं वेळापत्रक वाचावं अशा आवाजात. तो जुनी प्रत शोधायला लागला.

अल्बम आला. लोकांनी नावाजला, दोघांचे फोटो छापून आले, आणि तिला त्याचंही काही वाटलं नाही. ती थेट गावी गेली. वडिलांसमोर टेबलावर फोन ठेवून शेवटचं गाणं लावलं आणि शेजारी बसली. गाणं शेवटाला आलं, आवाज चढला.

वडील उठले. इकडेतिकडे पाहिलं, कोपऱ्यातला वहिनीचा रिकामा डबा उचलला आणि लगबगीने टेबलाकडे आले. "आलो गं भोंगाबाई, आलो." हे ते फोनला म्हणाले. मग तिच्याकडे वळून म्हणाले, "बाई, जरा सरकता का? पोर केव्हाची बोलावतेय."

ती सरकली. वर्षभर बधिर पडलेलं काहीतरी छातीत दुखायला लागलं, आणि ते दुखणं तिला ओळखीचं वाटलं. वडिलांनी डबा फोनवर उपडा केला. पण गाणं तिथेच संपलेलं होतं, सूर काही खाली आला नव्हता, त्यामुळे ते डबा धरून तसेच उभे राहिले.

तेव्हा तिने घसा साफ केला आणि सूर हळूहळू खाली आणला, पहिल्या जागी, आणि तिथे धरून ठेवला.

"हां," वडील म्हणाले. त्यांनी डबा खाली ठेवला आणि पाठ फिरवून खुर्चीकडे गेले.