चार नंबर लाईनीतली कचऱ्याची पाळी

लाखांदूरच्या स्टँडवर एसटीच्या टपावर माझी पेटी चढली, मागोमाग तांदळाचं पोतं चढलं, आणि मग बा खिडकीपाशी आला. माय पदर तोंडाला लावून लांब उभी होती. बा रडणारा माणूस नव्हता. खिडकीचा गज धरून तो म्हणाला, "पोरी, काम कोणतंबी कर, लाजू नको. पण दुसऱ्याची घाण उचलाची नाही. थे आपल्या हातून सुटलं हाये, पुन्हा धराचं नाही." शेजारी बसलेल्या माझ्या नवऱ्याने मान डोलावली. त्याच्याही घरी हेच सांगून झालं होतं.

आमच्यापैकी जे गावात राहिले त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. जे बाहेर पडले त्यांच्या मुलांसाठी सांगते. आमच्या वस्तीतली माणसं गावातली मेलेली ढोरं ओढत आणि गावाचे रस्ते झाडत. छप्पन साली धर्म बदलला आणि वस्तीने ते काम टाकून दिलं. पुढच्या रोवणीला गावाने आम्हाला धान लावायला कोणाच्याच बांधीत उतरू दिलं नाही. त्या पावसाळ्यात घरात काय शिजलं, असं मायला विचारलं की ती "शिजलं काहीबाही" म्हणून उठून जायची. आमच्या घरात दागिने नव्हते, शेत नव्हतं. बाने कमावलेली आणि आम्हाला दिलेली वस्तू म्हणजे तो एक नकार.

तुमसरच्या पुढे खाणीच्या कॉलनीत नवरा इलेक्ट्रिशियन होता. आम्हाला चार नंबर लाईनीत क्वार्टर मिळालं. नळ, ट्यूबलाईट, सिमेंटची मोरी. गावात कचरा नावाची वेगळी गोष्ट नव्हती. सालं शेळीला, शेण-पालापाचोळा उकिरड्यात, राख भांड्यांना, फाटलेलं लुगडं गोधडीत आणि बाटली राकेलला. इथे पहिल्याच आठवड्यात सिगडीची राख टोपल्यात घेऊन मी दारात उभी, आणि ती टाकायची कुठे हे कळेना. लाईनीच्या टोकाला एक ढीग होता, तिकडे सगळेच टाकत. कोणाची तरी अर्धी पेटलेली राख पडली की तो ढीग दिवसभर धुमसायचा.

काही वर्षांनी कॉलनीची सफाई बघणाऱ्या सॅनिटरी साहेबांनी ढिगाच्या जागी ओटा बांधला आणि त्यावर तीन ड्रम ठेवले. एकात ओलं, एकात राख, एकात काच आणि टिन. ओलं कॉलनीच्या बागेच्या खताला जाणार होतं आणि काच-टिन भंगारवाला नेणार होता. लाईनीतल्या बायका ओट्याभोवती जमल्या आणि प्रश्नांचा पाऊस पडला. अंड्याचं टरफल ओल्यात की काचेत? विडीचं थोटूक राखेत की ओल्यात? कोणीतरी हाडांचं विचारलं तेव्हा समोरच्या क्वार्टरातल्या लीलावहिनी म्हणाल्या, "आमच्याकडं हाडकं नसतेत बाप्पा. ज्याच्याकडं असतेत त्यानं सांगाव."

सगळ्या हसल्या, मीही हसले आणि सांगितलं, "ओल्यात टाका. खताला चांगली." मला असल्या गोष्टी नीट लावायला आवडतात. माझ्या डाळींच्या डब्यांवर तेव्हाही चिठ्ठ्या होत्या. नवऱ्याकडून उरलेला रंग आणवून मी ड्रमांवर चित्रं काढली: भोपळा, सिगडी, बाटली. रोज सकाळी कचरा नेणारी ट्रॅक्टर-ट्रॉली यायच्या आधी कोणीतरी ओट्यापाशी जाऊन चुकून पडलेलं वेगळं करायचं आणि ओटा झाडायचा, असं ठरलं. घरटी एक दिवस पाळी. ती कोणाची कधी, हे मीच लिहून लाईनीच्या खांबावर लावलं.

पाळ्या लवकरच सरकू लागल्या. लीलावहिनींचा गुडघा धरला. कोणाकडे पाहुणे, कोणाकडे उपास, कोणाचं मूल आजारी. "रामटेकेबाई, आजच्या दिवस तुमी पाहून घ्या नं." मी पाहून घेत असे. चिमटा आणि खराटा माझ्याच मागच्या अंगणात राहू लागले. एकदा लीलावहिनी फाटकातूनच म्हणाल्या, "तुमच्या हाताले सवय हाये बाई. आमाले तं वासानंच कसंतरी होते." मला ते कौतुक वाटलं. मी नीटनेटकी, मी वक्तशीर, म्हणून माझ्याकडे येतात, अशीच माझी समजूत होती. नवरा एकदा म्हणाला, "तूच काहून रोज?" मी म्हटलं, "त्यांना जमत नाही." तो डबा घेऊन शिफ्टला गेला.

धान निघाल्यावर बा आला. लाखोरीची डाळ आणि नवे तांदूळ घेऊन, भंडाऱ्याला आणि तुमसरला गाडी बदलत. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला शोधत ओट्यापर्यंत आला तेव्हा मी ओल्याच्या ड्रमात वाकून, भाजीच्या देठांतून फुटलेल्या बल्बची काच काढत होते.

"कोणाचं होय हे?"

"लाईनीचं."

"आज तुयी पाळी होय का?"

"नाही. समोरच्या वहिनींची. त्यांचा गुडघा दुखते."

तेवढ्यात लीलावहिनी फाटक उघडून बाहेर पडल्या आणि पिशवी हलवत भराभरा दुकानाकडे निघाल्या. बाला बघून त्यांनी विचारलं, "बाबा आले का गावावरून? तुमची पोरगी लई कामाची हाये जी."

बा त्यांच्या गुडघ्याकडे बघत राहिला. मग माझ्या हातातल्या चिमट्याकडे. "माह्या हातून सुटलं," तो हळू म्हणाला, "आन् तुया हातात कसं आलं व?"

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्या दिवशी तो माझ्याकडे जेवला नाही. पोट भरलेलं आहे म्हणाला आणि दुपारच्या गाडीने परत गेला. मी खांबावरचा कागद पुन्हा वाचला. तो माझ्याच अक्षरातला होता, आणि त्यावरच्या नावांना काहीच अर्थ उरला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून मी फक्त माझ्या पाळीला गेले. काही दिवसांतच ड्रम पूर्वीच्या ढिगासारखे झाले. राखेत बाटल्या, बाटल्यांत शिळा भात. एका सकाळी बघते तर ट्रॉलीवरची सुंदरबाई ओट्यावर ड्रम पालथा करून उकिडवी बसलेली, उघड्या हातांनी वेगळं करत. मला बघून ती म्हणाली, "क्या बाई, आजकल आते नाही?" तिच्या आवाजात तक्रारही नव्हती. मी हात मागे घेतला होता आणि लाईनीची घाण खाली घसरत तिच्या हातात जाऊन पडली होती.

मग मी सॅनिटरी साहेबांना भेटले. ओटा काढा, म्हटलं. ज्याचे डबे त्याच्या फाटकापाशी, ट्रॉली प्रत्येक फाटकाशी थांबेल, आणि ज्याचा डबा मिसळलेला तो तसाच ठेवून पुढे जाईल. साहेब म्हणाले, उशीर होईल. मी म्हटलं, आठवडाभर करून बघा. लाईनीत बोभाटा झाला. लीलावहिनी माझ्या दारात आल्या.

"रामटेकेबाई, एवढं काय बिनसलं? मिळून मिसळून राहत होतो नं आपण?"

"मिसळलेलं मीच निवडत होते, वहिनी."

"आमी का जबरदस्ती केली का? तुमीच हौसेनं करत होत्या."

ते खरं होतं. मी एवढंच विचारलं, "माझ्याजागी तुमच्या जातीची बाई असती, तर तिच्या हाताले सवय हाये असं म्हटलं असतं का?" त्यांचा चेहरा लाल झाला. "तुमाले तं प्रत्येक गोष्टीत थेच दिसते," म्हणून त्या वळल्या. त्यानंतर संक्रांतीचं हळदीकुंकू माझ्या दारावरून पुढे गेलं. माझ्या मुलींना समोरच्या अंगणातला झोपाळा बंद झाला. लीलावहिनींच्या मनात खरंच काय होतं, हे मला आजही ठाम सांगता येत नाही. हा त्रास ज्यांनी भोगला त्यांना ठाऊक आहे: मान मिळाला तरी तो तपासून घ्यावा लागतो.

पण ट्रॉली फाटकाशी थांबू लागली. मिसळलेले डबे दोन-चार दिवस दारातच वास मारत राहिले, आणि मग सगळ्यांचे गुडघे बरे झाले.

मी हे सांगायला मुद्दाम गावी गेले. बा अंगणात बाजेवर बसून दोरी वळत होता. त्याने सगळं नीट ऐकलं, जेवायला मला शेजारी बसवलं. मला वाटलं, सुटले. हात धुताना त्याने विचारलं, "आन् थे ट्रॉलीवाली?"

"ती पगारी आहे, बा. खाणीची नोकरी आहे तिची."

"आमालेबी गाव भाकर देत होता," तो म्हणाला. मग दोरी घेऊन पुन्हा बाजेवर जाऊन बसला.

बाला जाऊन आता वर्ष झालं. माय भावाकडे आहे. गावी जाते तेव्हा मला दोन दिवसांत माझं क्वार्टर आठवतं, आणि क्वार्टरात राहून गाव. कोणतं घर माझं, असं मुलींनी विचारलं तर पूर्वी मी पटकन उत्तर द्यायची. आता रोज सकाळी ट्रॅक्टरचा आवाज आला की मी डबे घेऊन फाटकात जाते आणि स्वतः उचलून ट्रॉलीत रिकामे करायला बघते. सुंदरबाई डबा माझ्या हातून ओढून घेते. "छोडो बाई, साब देखेगा तो मेरेको बोलेगा." ट्रॉली पुढच्या फाटकाशी जाईपर्यंत मी तिथेच उभी राहते. मागे माझं क्वार्टर असतं, समोर तिची पाठ, आणि "आन् थे ट्रॉलीवाली?" या बाच्या प्रश्नाचं उत्तर मला दोन्हीकडे सापडत नाही. घर म्हटलं की हल्ली मला तो प्रश्न विचारणारा माणूस आठवतो. गाव त्याच्यामागून येतं.